गुंठ्याचा अकरावा हिस्सा

“शंभर चौरस फूट म्हणजे गुंठ्यात किती बसतं?”

पहिल्याच मीटिंगमध्ये आमच्या क्लायंटने हा प्रश्न टाकला आणि मॉलच्या लीजिंग खात्यातल्या मुलीने लॅपटॉपमधून मान वर काढली. तिच्या एक्सेलमध्ये गुंठ्याला रकाना नव्हता. क्लायंट मुळशीकडचे. त्यांना सगळे दादा म्हणतात, वयाने मोठे असलेलेही म्हणतात. जमिनीचा एक तुकडा विकला होता, पैसे बँकेत नुसते पडून होते, आणि अशा पैशांचा वास ज्यांना लांबून येतो त्यांपैकी कोणीतरी दादांना एका कॉफी ब्रँडची फ्रँचायझी घ्यायला लावली होती. मी फोनवर भागाकार केला. गुंठ्याचे १०८९ चौरस फूट. म्हणजे मॉलमधली ही दहा बाय दहाची जागा गुंठ्याचा साधारण अकरावा हिस्सा. दादा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “एवढ्यात आमची म्हैस वळत नाही.”

पुढचा प्रश्न सातबाऱ्याचा होता. सातबारा नाही, खरेदीखत नाही, लीव्ह अँड लायसन्स आहे, तेही अकरा महिन्यांचं, आणि मॉलला गरज पडली तर नोटीस देऊन तुमची जागा हलवण्याचा हक्क मॉलकडे राहील, असं त्या मुलीने फार गोड आवाजात सांगितलं. दिवाळीत मधल्या चौकात बक्षिसाची मोटार उभी करायची असते, डिसेंबरात ख्रिसमसचं झाड. “म्हणजे आम्ही कूळसुद्धा नाही,” दादा म्हणाले. ज्या घरात दोन पिढ्या कुळकायद्यावर कोर्टात गेल्या, तिथल्या माणसाला अकरा महिन्यांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. चौरस फुटामागे भाडं मात्र आजूबाजूच्या दुकानांपेक्षा जास्त. शिवाय ठरलेलं भाडं किंवा विक्रीतला टक्का, यांत जे मोठं असेल ते. दादांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. व्यवहार होईपर्यंत डिझायनरने तोंड उघडायचं नाही आणि झाला की कोटेशन काढायचं, ही आमच्या धंद्यातली जुनी शिस्त आहे.

किऑस्क तुम्ही पाहिलेला असतो. एस्कलेटरच्या पायथ्याशी, चौकाच्या मधोमध, चारही बाजूंनी उघडा. त्याला भिंत नाही, दार नाही, छप्पर नाही. आणि आमच्या दृष्टीने सगळ्यात मोठी पंचाईत म्हणजे मागची बाजू नाही. कुठल्याही दुकानाचं निम्मं रूप त्याच्या मागच्या खोलीच्या जिवावर टिकलेलं असतं. रिकामी खोकी, झाडू, पोऱ्याची चप्पल, मालकाच्या बीपीच्या गोळ्या, सगळं त्या खोलीत. किऑस्कच्या चारही बाजू दर्शनी. म्हणून त्याचं डिझाइन करणं हा मुख्यतः लपवालपवीचा उद्योग आहे. जे काम करतं ते लपवायचं आणि जे काहीच करत नाही ते दाखवायचं.

या सगळ्याचं खापर एका भल्या माणसाच्या माथी फोडलं जातं. व्हिक्टर ग्रूएन त्याचं नाव. व्हिएन्नात १९०३ साली जन्मलेला वास्तुविशारद. हिटलरने ऑस्ट्रिया गिळला त्या १९३८ साली तो अमेरिकेत पळाला. कॅफेत एका कॉफीवर दुपार काढणाऱ्या लोकांच्या गावातून जो आला, तो थेट मोटारीतून न उतरणाऱ्या लोकांच्या देशात पडला. १९५६ साली त्याने मिनेसोटात साउथडेल सेंटर उभं केलं. पूर्ण बंदिस्त, वातानुकूलित, मधोमध वरून उजेड येणारा मोठा चौक, चौकात झाडं, पक्ष्यांचा भलाथोरला पिंजरा आणि टेबलखुर्च्या मांडलेला कॅफे. लोकांनी इथे यावं, बसावं, गावच्या पारावरचं बोलणं बोलावं, असा त्याचा भाबडा हिशोब. बिल्डर मंडळींनी चौक घेतला, एसी घेतला, आणि माणूस जिथे फुकट बसतो तिथेच भाडं मिळू शकतं हा शोध स्वतःचा स्वतः लावला. ग्रूएन म्हातारपणी वैतागून व्हिएन्नाला परतला, तर १९७६ साली तिथेही शहराच्या दक्षिणेला अवाढव्य मॉल उघडला. अखेर १९७८ साली एका भाषणात, असल्या अनौरस पोरांची पोटगी आपण भरणार नाही, असं त्याने जाहीर करून टाकलं. हा किस्सा मी दादांना सांगितला. “पण रॉयल्टी मिळत होती का त्याला?” एवढंच त्यांनी विचारलं.

आपल्याकडे मुंबईत हाजी अलीजवळ क्रॉसरोड्स सुरू झाला १९९९ साली. तेव्हा बघ्यांची गर्दी आवरेना म्हणून दारावर मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड दाखवणाऱ्याला आत सोडत, बाकीच्यांना प्रवेशाचे पैसे. आता मोबाइल प्रत्येकाकडे आहे. त्यामुळे सगळे आत येतात, एसीत चार फेऱ्या मारतात, एस्कलेटरवर आजीचा फोटो काढतात आणि घरी जाऊन पोहे खातात. या फिरत्या जनतेला आडवं जाणं हे किऑस्कचं काम. आडवं मांजर जातं तेव्हा माणूस थांबतो तरी. कॉफीसमोर थांबेलच असं नाही.

ब्रँडचं मॅन्युअल आलं तेव्हा डाउनलोड व्हायलाच चहा होऊन गेला. लोगोभोवती किती मोकळी जागा सोडायची याला पाच पानं. हिरव्या रंगाच्या एका छटेला तीन. बाकी सगळीकडे वॉर्म, ऑथेंटिक आणि क्राफ्टेड हे तीन शब्द आलटून पालटून. या तीन शब्दांचं प्लायवूड कुठल्या दुकानात मिळतं ते मात्र लिहिलेलं नव्हतं. मॅन्युअल सगळं मिलिमीटरमध्ये. आमचे मिस्त्री राजस्थानातले, पुण्यात निम्मं आयुष्य गेलेलं, आणि त्यांचा कारभार सुतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटरहून एक केसभर जास्त. हा केस किती महत्त्वाचा आहे ते आठ फुटी काउंटरच्या दुसऱ्या टोकाला कळतं. मी मिलिमीटर वाचायचो, मिस्त्री ते मनातल्या मनात सुतात उतरवायचे, पेन्सिल कानामागून काढून प्लायवर लिहायचे आणि पाटा उचलून म्हणायचे, “बराबर है, दो सूत मार्जिन रखा है.” मार्जिन कशासाठी, हे मी कधी विचारत नाही. मिस्त्रीच्या मार्जिनवर अख्खा महाराष्ट्र उभा आहे.

खरा गोंधळ उंचीचा झाला. मॉलचा नियम असा की किऑस्कचं काहीही जमिनीपासून साडेचार फुटांच्या वर जाता कामा नये, कारण पलीकडच्या दुकानांच्या पाट्या झाकल्या जातात. पलीकडे एक साड्यांचं दुकान होतं आणि त्यांच्या काचेतल्या पुतळ्याची पैठणी एस्कलेटरवरून दिसली पाहिजे, असं त्यांच्या करारात होतं. आता काउंटर नऊशे मिलिमीटर. त्याच्यावर दोन ग्रुपचं एस्प्रेसो मशीन, उंची पाचशे. झाले चौदाशे. साडेचार फूट म्हणजे तेराशे बहात्तर. मशीन पैठणीच्या वाटेत नऊ सूत घुसत होतं. ग्राइंडरचा तर, बिया भरायचं पारदर्शक डोकं धरून, मामला आणखी चार इंच वर. आणि मशीनच्या माथ्यावर कप रचून ठेवायची जगभराची पद्धत. म्हणजे कपांची चळत जसजशी चढेल तसतसा नियमभंग वाढणार आणि विक्री झाली की कमी होणार.

मॉलचे फिटआउट मॅनेजर टेप घेऊन आले. माणूस सभ्य, पण नियमाला पक्का. काउंटर नऊ सूत खाली घ्या म्हणाले. घेता आलं असतं. पण दिवसभर त्याच्यावर वाकून काम करणाऱ्या पोराच्या कमरेचा करार कुठेच नव्हता. मी मशीनची बाजू मांडली. १८८४ साली तुरीनच्या आंजेलो मोरिओंदोने वाफेवर कॉफी काढायच्या मशीनचं पेटंट घेतलं, ते मशीन तर भलंमोठं होतं; त्यामानाने हे मशीन म्हणजे बाळ आहे. नऊ बारचा दाब, नव्वदीच्या पुढचं पाणी, पंचवीस-तीस सेकंदांत तीस मिलिलिटर कॉफी; एवढं सगळं पोटात असलेल्या यंत्राला नऊ सूत माफ करायला काय हरकत आहे? मॅनेजरांनी शांतपणे ऐकून घेतलं. शेवटी दादाच मध्ये पडले. “साहेब, तुमचा नियम बांधकामाला आहे का सामानाला?” मॅनेजरांनी फाइल उघडली. नियम ‘स्ट्रक्चर’ला होता. मशीन स्ट्रक्चर नसून सामान आहे, असं पत्र आम्ही दिलं, त्यांनी शिक्का मारला, पैठणी जरा बाजूला सरकवली गेली. घराच्या गच्चीवर पत्र्याची शेड टाकून ती तात्पुरती आहे हे ज्याने ग्रामपंचायतीला पटवून दिलेलं असतं, त्याच्यापुढे मॉल म्हणजे किस झाड की पत्ती.

उंचीचं निस्तरलं, तर बादली आली.

मॉलच्या मधल्या चौकात पाण्याची लाइन नसते. ड्रेनेजही नसतं. फरशीला भोक पाडायला सक्त मनाई. म्हणजे कॉफीला लागणारं पाणी वीस लिटरच्या जारमधून यायचं, काउंटरच्या पोटात बसवलेल्या छोट्या पंपाने ते वर खेचायचं. आणि धुतलेलं, विसळलेलं, दुधाळ झालेलं पाणी कुठेतरी जायचं. हे ‘कुठेतरी’ म्हणजे बादली. तुम्ही हातात घेतलेल्या त्या देखण्या कपाच्या, वरच्या फेसातल्या पानाच्या नक्षीच्या, बरोबर दोन फूट खाली एक झाकणाची बादली बसलेली असते. मॅन्युअलमध्ये ‘ग्राहकाचा भावनिक प्रवास’ नावाचं प्रकरण होतं. बादली नव्हती. मी व्हिडिओ कॉलवर गुरगावच्या ब्रँड मॅनेजरीणबाईंना विचारलं. त्या क्षणभर थांबल्या. “बकेट हमारी डिझाइन लँग्वेज में नहीं है.”

दादा माझ्या शेजारीच बसले होते. कॅमेऱ्याकडे झुकून म्हणाले, “मग पाणी कोणत्या लँग्वेजमध्ये टाकायचं, ताई?”

त्यानंतर मीटिंग फार चालली नाही. बादली शेवटी आम्ही ‘स्टोरी पॅनल’च्या मागे ठेवली. स्टोरी पॅनल म्हणजे दर्शनी बाजूचा तो भाग, जिथे ब्रँड स्वतःची कथा सांगतो. मजकूर गुरगावहून आला होता. सतराव्या शतकात बाबा बुदन नावाचे संत यात्रेहून परतताना येमेनच्या मोखा बंदरातून कॉफीच्या सात बिया लपवून घेऊन आले आणि चिकमगळूरच्या डोंगरात त्यांनी त्या लावल्या, ही सगळ्यांना माहीत असलेली आख्यायिका. खाली कप आणि डोंगराचं रेखाचित्र. बाकी काही असो, आपल्या देशातल्या कॉफीची सुरुवातच लपवालपवीने झाली, ही गोष्ट मला धीर देऊन गेली. पॅनल दाबला की खटकन उघडतो, आत बादली. बाबांनी सात बिया सांभाळल्या, आम्ही एक बादली सांभाळतो. दादांनी विचारलं की कथेच्या शेजारी आमच्या आजोबांचा फेट्यातला फोटो लावता येईल का. त्यांनी आयुष्यभर भात लावला, कॉफीचा थेंब घेतला नाही. पण ब्रँडच्या मूळ पुरुषाने तरी घेतला होता याचा पुरावा कुठे आहे? परवानगी मिळाली नाही.

लाकडाची गोष्ट तर अजून मिस्त्रींच्या पचनी पडलेली नाही. ब्रँडला जुनं लाकूड हवं होतं. म्हणजे जुनं दिसणारं. पुण्यात पेठांमधले वाडे पाडले जातात तेव्हा शंभर वर्षांचं सागवान निघतं. तुळया, खांब, चौकटी. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात फिरलं की हे लाकूड मिळतं. मी एक तुकडा नमुना म्हणून पाठवला. खिळ्यांची भोकं, एका बाजूला धुराने काळवंडलेलं, हाताला थंड लागणारं. गुरगावहून उत्तर आलं: टेक्स्चर इररेग्युलर आहे, सगळ्या आउटलेटमध्ये सारखं दिसणार नाही. त्याऐवजी अमुक नंबरचा लॅमिनेट लावा. त्या लॅमिनेटवर खिळ्यांच्या भोकांची छपाई होती, दर दोन फुटांवर तेच भोक, त्याच जागी. मिस्त्री सनमायकाची शीट हातात धरून बराच वेळ बघत राहिले. भोकं बुजवण्यात त्यांचा जन्म गेलेला. “साहब, इसमें पुट्टी भरनी है क्या?” त्यांनी विचारलं. नाही म्हटल्यावर त्यांनी शीट चिकटवली, पण त्यानंतर त्या बाजूला तोंड करून डबा खाल्लेला मी पाहिला नाही.

विटांचंही तसंच. विटा कागदावर छापलेल्या. झाडं प्लास्टिकची, कारण मॉलमध्ये मातीला परवानगी नाही, माती सांडते. ज्या शेतातून पैसे आले तिथून मूठभर माती आणायलासुद्धा दादांना गेटपास लागला असता. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही म्हण ज्याने केली त्याने नक्कीच कुठल्यातरी ब्रँडचं मॅन्युअल वाचलं असणार.

पाटीवरून थोडी चकमक झाली. महाराष्ट्रात २०२२ सालच्या दुरुस्तीनंतर प्रत्येक दुकानाला देवनागरीत मराठी पाटी लावावी लागते, आणि मराठी अक्षरं बाकीच्या लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. ब्रँडच्या लोगोभोवतीच्या त्या पाच पानी मोकळ्या जागेत आता एक तेवढंच मोठं भावंड येऊन बसणार होतं. गुरगावने विचारलं, देवनागरी जरा मागच्या बाजूला घेता येईल का. मी कळवलं की मागची बाजू नाही. पहिल्यांदाच या किऑस्कचा तो दुर्गुण उपयोगी पडला. अन्नपरवान्याचा चौदा आकडी नंबरही दर्शनी हवा असतो, तो मात्र ब्रँडने बिनबोभाट स्वीकारला. आकडे म्हणून कदाचित त्यांना ते क्राफ्टेड वाटले असावेत.

काम रात्रीच. मॉल बंद झाल्यावर माणसं बेसमेंटमधून, सर्व्हिस लिफ्टने वर. प्रत्येकाचा आधार कार्डाचा झेरॉक्स, सेफ्टी शूज, हेल्मेट. काउंटर उचलताना हेल्मेट घालून डोक्यावर काय पडणार होतं, तर तीन मजले वरून फूड कोर्टातला एखादा चमचा. एसी बंद, एस्कलेटर उभे, घामाने प्लाय ओलं. जागेवर कापायला मनाई, कारण भुसा उडतो; सगळं वर्कशॉपमध्ये कापून आणायचं आणि इथे फक्त जोडायचं. जोडताना ते दोन सूत मार्जिन कामाला आलं. फ्लोअर बॉक्समधून वीज घेतली. दिवा मॅन्युअलप्रमाणे पिवळसर, तीन हजार केल्विनचा. त्यात छापील विटाही जरा खऱ्या दिसतात आणि माणसं मुळात असतात त्यापेक्षा झोप झालेली दिसतात.

उद्घाटनाला दादांचं सगळं गाव टेम्पो करून आलं. सत्यनारायण करायचा होता, पण होम-धूप म्हटल्यावर मॅनेजरांचं लक्ष छतावरच्या स्प्रिंकलरकडे गेलं. नारळावर भागवलं, तोही फोडायचा नाही, नुसता फिरवायचा. वहिनी मुलांना घेऊन वर फूड कोर्टात गेल्या आणि कठड्यावरून वाकून तिथूनच ओरडल्या, “अहो, बादली दिसतीये!”

आम्ही सगळ्यांनी वर पाहिलं. मग वहिनींच्या नजरेने खाली पाहिलं. छप्पर नव्हतं. छप्पर टाकायचं तर त्याच्याखाली वेगळा स्प्रिंकलर घ्यावा लागतो, म्हणून उघडाच किऑस्क होता. ब्रँडची सगळी थ्रीडी चित्रं समोरून, डोळ्यांच्या उंचीवरून काढलेली. त्यांत सगळं झाकलेलं. आणि इथे पहिला, दुसरा, तिसरा मजला, तिन्ही कठड्यांवर रेलून उभं असलेलं पुणं. त्यांना वरून सरळ पोट दिसत होतं: पाणी टाकायला बाहेर ओढलेली बादली, दोन जार, पोरांच्या सॅक, चार्जरची गुंतागुंत, कोणाचा तरी डबा आणि डबा उघडून, दुधाचा क्रेट उपडा घालून त्यावर बसलेला पोरगा. समोरून पाहणाऱ्याला किऑस्क रिकामा वाटत होता. वरून भरलेलं घर.

क्रेटचं कारण असं की लेआउटमध्ये स्टूल नव्हतं. मी काढलं होतं, गुरगावने खोडलं. बसलेला कर्मचारी ‘लो एनर्जी’ दिसतो म्हणे. नऊ तास उभ्या असलेल्या माणसाची एनर्जी कशी दिसते यावर मॅन्युअलमध्ये पान नाही. केरळने २०१८ मध्ये आणि तामिळनाडूने २०२१ मध्ये दुकानांच्या कायद्यात बदल करून कामगारांना बसायची सोय देणं बंधनकारक केलं, ते मी ईमेलमध्ये लिहून पाठवलं. उत्तर आलं: ‘नोटेड’. ज्यांना कधी ‘नोटेड’ आलेलं आहे त्यांना पुढचं सांगायला नको.

तसं पाहिलं तर बसणं हाच कॉफीतला मूळ मुद्दा होता. १९३६ साली मुंबईत चर्चगेटला इंडिया कॉफी हाउस निघालं, तिथे लोक बसायलाच जात; कॉफी हे बसण्याचं निमित्त. १९९६ मध्ये बंगळुरूच्या ब्रिगेड रोडवर कॅफे कॉफी डे सुरू झालं, तिथे कॉफीबरोबर इंटरनेट मिळायचं, म्हणजे बसणं तासावर आलं. २०१२ मध्ये हॉर्निमन सर्कलला स्टारबक्स उघडलं तेव्हा लोक आधी बाहेर रांगेत उभे राहिले आणि मग बसले. आमच्या फर्ग्युसन रोडच्या वैशालीत टेबल मिळवणं हाच अर्धा कार्यक्रम असतो. आणि आता किऑस्क: गिऱ्हाईक उभं, पोरगा उभा, मालक उभा. बसलंय फक्त मशीन, तेही नऊ सूत जास्त.

धंदा हळूहळू सुरू झाला. पहिल्या आठवड्यात एस्प्रेसो भराभर खपला आणि दादा खूश झाले. मग तक्रारी आल्या. आपल्याकडे एस्प्रेसो म्हटलं की मंगल कार्यालयातलं ते स्टीलचं मशीन आठवतं: सुर्रर्र आवाज, दुधाचा डोंगर, त्यावर चॉकलेट पावडरची चिमूट, आणि मुलीकडच्यांनी आग्रह केला म्हणून दुसरा कप. इथे यादीतला सगळ्यात स्वस्त पदार्थ म्हणून एका काकांनी तोच मागवला, आणि हातात आला तीस मिलिलिटरचा काळा घोट. काकांनी कपात पाहिलं, मग पोराकडे. “हे टेस्ट करायला दिलंय ना? आता खरी द्या.” पोरगा हुशार. त्याने त्यात गरम दूध ओतलं, वर कोको भुरभुरला. मेनूत या प्रकाराला नाव नाही, मॅन्युअलमध्ये फोटो नाही, पण गेले काही महिने सगळ्यात जास्त तोच जातो. दादांनी त्याचं बटण बिलिंगच्या मशीनवर ‘कार्यालय’ या नावाने टाकून घेतलं आहे. गुरगावच्या रिपोर्टात ते कोणालातरी अजून ऑफिसची ऑर्डर वाटतं.

स्टूलही आलं. काउंटरच्या आत, लॅमिनेटच्या रंगाचं, मिस्त्रींनी उरलेल्या प्लायमधून केलेलं, उंची सोळा इंच. इन्स्पेक्शनला कोणी आलं की ते ‘स्टोअरेज बॉक्स’ असतं. झाकण उघडतं, आत कागदी कप ठेवलेले आहेत. त्याचं वेगळं बिल मिस्त्रींनी लावलं नाही, मीही नाही. खऱ्या सागवानाचा तो नमुन्याचा तुकडा त्याच्या झाकणाला बसवला आहे.

आता वाचकहो, एक विनंती. चौकात मधोमध दिवे लावून उभ्या असलेल्या त्या काउंटरला तुम्ही चौकशीची खिडकी समजता, हे मी रोज पाहतो. त्या पोरांना दिवसभरात कॉफीपेक्षा जास्त वेळा एकच गोष्ट विचारली जाते. त्याचं उत्तर इथेच देऊन ठेवतो: टॉयलेट तिसऱ्या मजल्यावर, फूड कोर्ट संपतं तिथून डावीकडे, लिफ्टच्या मागे. जाता जाता कठड्यावरून खाली वाकून बघू नका. आणि येताना एक ‘कार्यालय’ घ्या, दादांचे अकरा महिने मार्चमध्ये संपतात.